चषकाचे सोने

ख्रिस्तयागात धर्मगुरू चषक उंचावतात तेव्हा आपल्या माना आपोआप झुकतात. नमन असते ते धातूला नव्हे, त्यातील प्रभूच्या रक्ताला. मग त्या सोन्याला अर्थ तो कोणता?

इ. स. ३७८ मध्ये एड्रियानोपल येथे रोमन सैन्याचा पराभव झाला आणि गॉथांनी अनेकांना बंदी करून नेले. मिलानचे बिशप संत अँब्रोज यांनी चर्चची पवित्र पात्रे मोडून त्यांची सुटका केली. विरोधकांनी त्यांना दोष दिला. पण सोन्याच्या पात्रांपेक्षा जिवंत माणसे राखणे श्रेयस्कर, असे त्यांनी निक्षून सांगितले.

मग पवित्र वस्तू तुच्छ मानाव्यात काय? आम्हांस तसे वाटत नाही. ज्याला चषकाचे मोल नाही, त्याने तो मोडण्यात त्याग कसला? प्रभूला आपण उत्तम तेच अर्पितो. परंतु चषकात जे रक्त आपण पूजितो, त्याच रक्ताने माणसाचीही खंडणी भरली आहे.

आपल्या धर्मग्रामात नवी वेदी उभी राहते, तेव्हा शेजारच्या घरी इस्पितळाचे बिल थकलेले असू शकते. चषक उजळ ठेवू या. मात्र मान झुकवताना स्वतःला विचारू या: त्या शेजाऱ्यासाठी तो मोडण्याची आपली तयारी आहे काय?