उमेदवारी

‘उमेदवारी’ हा शब्द आपल्या भाषेत ज्याने रूढ केला तो माणूस मोठा दयाळू असला पाहिजे. नाहीतर मोठा धूर्त तरी. सोनाराच्या किंवा वकिलाच्या हाताखाली बिनपगारी राबणाऱ्या पोराला द्यायला जवळ काही नव्हते, तेव्हा त्याने त्या राबण्यालाच उमेदीचे नाव दिले. आज हा शब्द बहुधा निवडणुकीपुरता उरला आहे. रीत मात्र गेलेली नाही.

गेल्या दिवाळीत माझा एक जुना विद्यार्थी फराळाला आला. कुळथातल्या प्रथिनांवर पाच वर्षे काम करून तो नुकताच डॉक्टर झाला होता. (कुळथात एवढे शोधायचे काय, असे त्याची आई मला अजून विचारते.) सरकारी अधिछात्रवृत्ती होती तोवर त्याचे ठीक चालले. १ जानेवारी २०२३ पासून ती पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० आणि पुढे ४२,००० रुपये झाली. वेळेवर आली, तर एकट्या माणसाला पुरते. मुदत सरली आणि ती थांबली. आता तो दोन महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर शिकवतो. जितके तास, तितके पैसे. मी सहज विचारले, “सुट्टी कधीपर्यंत रे?”

तो हसला. “गुरुजी, सुट्टी तुम्हाला. मला नुसते तास नाहीत.”

माझ्या हातातली चकली हातातच राहिली.

उरलेल्या वेळी तो आपल्या जुन्या प्रयोगशाळेत जातो. नव्या मुलांना उपकरणे दाखवतो, त्यांचे मसुदे तपासतो. पैसे नाहीत. का जातोस, म्हटले तर म्हणतो, “कायम जागा निघाली, की सरांचा शब्द लागेल.” हे सर वाईट गृहस्थ नव्हेत. त्यांनी याला कधी बोलावले नाही, कसले वचन दिले नाही. एवढेच, की त्यांनी ‘आता येऊ नकोस’ असेही कधी म्हटले नाही.

मला प्रश्न पडतो तो इथे. आपण शब्द दिलेला नाही; पण दुसरा माणूस आपल्या मौनालाच शब्द समजून राबतो आहे आणि त्याचे फळ आपल्या पदरात पडते आहे. अशा वेळी आपण त्याचे काही देणे लागतो की नाही?

कुळथावरून मला कमलाबाई सोहोनींची आठवण झाली. दुर्गाबाई भागवतांच्या या धाकट्या बहिणीने दूध आणि कडधान्ये यांतल्या प्रथिनांवर बंगलोरला काम केले. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची पदवी उत्तम तऱ्हेने मिळवून त्यांनी तिथे अर्ज केला, तेव्हा संचालक सर सी. व्ही. रामन यांनी नकार दिला. कारण एकच, अर्जदार मुलगी होती. कमलाबाई हटल्या नाहीत. शेवटी प्रवेश मिळाला तो अटींवर. पहिले वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून गणना नाही, मार्गदर्शक सांगतील तेव्हा, रात्रीसुद्धा, काम करायचे आणि प्रयोगशाळेतले वातावरण बिघडू द्यायचे नाही! हा अपमान त्या आयुष्यभर विसरल्या नाहीत, आणि का विसराव्यात? मार्गदर्शक श्रीनिवासय्या कडक होते, पण त्यांनी मन लावून शिकवले. वर्षाअखेर रामन यांना नियमित प्रवेश द्यावा लागला. पुढे केंब्रिजला डॉ. रिक्टर यांनी त्यांना दिवसा कामाला आपले टेबल दिले, रात्री ते स्वतः त्याच टेबलावर झोपत. रिक्टर दुसरीकडे गेल्यावर रॉबिन हिल यांच्याकडे बटाट्यावर काम करून त्यांनी १९३९ साली डॉक्टरेट मिळवली. प्रबंध अवघा चाळीस पानांचा.

रामन यांची अट अन्यायाची होती, यात वाद नाही. तरीही सांगायला संकोच वाटतो ते सांगतो: त्या अन्यायाला तारीख होती. एका वर्षाने निकाल लागणार, हे देणाऱ्याला आणि घेणारीला, दोघांनाही ठाऊक होते. आमच्या मुलाला अपमानाचा एक शब्द कुणी बोललेले नाही. सगळे त्याला ‘डॉक्टर’ म्हणतात. फक्त त्याचे वर्ष कधी संपणार, ते कुणी सांगत नाही.

त्याच्या सरांची बाजू मला कळते. जागा काढणे त्यांच्या हातात नाही. खरे आहे, पण जागा किती आणि त्यांसाठी ताटकळणारे किती, याचा अंदाज त्यांना आहे, या पोराला नाही. निदान तेवढे तरी त्याला समोर बसवून सांगायला काय हरकत आहे? सांगितले, तर उद्यापासून उपकरणे कोण दाखवणार, हा विचार त्यांच्या मनात कधी डोकावला असेल का?

हे लिहिताना मी मोठा न्यायाधीश झालो आहे. वास्तविक याच्या वडिलांना शेतातून बोलावून “पोराला थांबवू नका, पुढे शिकू द्या” असे सांगणारा मीच. मी स्वतः विद्यापीठाची पायरी चढलेलो नाही. वर काय आहे हे ठाऊक नसताना मी त्याला शिडी लावून दिली. सर जाणून गप्प राहिले, मी न जाणता बोललो. यांत अधिक दोष कुणाचा, ते मला अजून ठरवता आलेले नाही.

त्या दिवशी त्याच्याबरोबर त्याची धाकटी बहीण आली होती. बी. एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. निघता निघता तिने विचारले, “गुरुजी, मीही पुढे संशोधनाला जाऊ का?” त्याच खोलीत, त्याच खुर्चीवरून तिच्या भावाला मी चटकन हो म्हटले होते. या वेळी मी त्याच्याकडे पाहिले. म्हटले, “याला विचार. खरे काय ते हा सांगेल.”

तो बराच वेळ चहाच्या कपाकडे बघत राहिला. मग पगार, तासिका, जागा, सगळे तिला सांगितले. काही लपवले नाही. ती ऐकून घेत होती. शेवटी तो म्हणाला, “पण कुळथावर अजून पुष्कळ काम राहिले आहे,” आणि काय काय राहिले आहे ते बोटांवर मोजू लागला. ती निघायची थांबली, खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसली.