आत्याचे येणे-देणे

बँकेत वीस वर्षे काढलेल्या माणसाला जगात दोनच जाती दिसतात : धनको आणि ऋणको. (पैकी ऋणको स्वभावाने फार नम्र असतो, कर्ज मंजूर होईपर्यंत.) आमची आत्या मात्र यांपैकी कुठल्याच रकान्यात बसली नाही. 1930 साली जन्मली, 2023 साली गेली. तिने कुणाला काय दिले ते तिला कधी आठवत नसे, आणि कुणाचे काय घेतले ते ती कधी विसरत नसे.

नारायण पेठेतल्या दोन खोल्या, एक शिवणाचे मशीन आणि ऐन तिशीत आलेले वैधव्य एवढ्या भांडवलावर तिने संसार केला. तोही आमचा, काकांचा आणि गावाहून 'दोन दिवसांसाठी' येऊन महिनाभर राहणाऱ्या कुणाचाही!

12 जुलै 1961 ला पानशेतचे धरण फुटले आणि मुठेचे पाणी पेठांत शिरले. ही हकीकत आत्या दर गणपतीत सांगे, आणि दर गणपतीत पाणी एक पायरी वर चढे. माझ्या मुंजीपर्यंत ते माळ्याला लागले होते. शेवट मात्र कधी बदलला नाही. कोपऱ्यावरच्या वाण्याचे दुकान बुडाले आणि त्याबरोबर उधारीच्या वह्याही. साऱ्या आळीचे देणे नदीने एका दिवसात फेडून टाकले. पाणी ओसरल्यावर आत्या चिखल तुडवत गेली आणि म्हणाली, "शेठ, माझे सत्तावीस रुपये बारा आणे लिहून घ्या."

"अहो बाई, वहीच बुडाली!"

"वही बुडाली. उधारी कुठं बुडालीय?"

नवे पैसे येऊन तेव्हा चार वर्षे झाली होती, पण आत्याचा प्रामाणिकपणा शेवटपर्यंत आण्यांतच चालला. आळीतल्या बाकीच्या मंडळींना त्या रात्री झोप कशी लागली असेल, याचा मी पुष्कळदा विचार करतो. कारण त्या मंडळींतलाच मी एक आहे.

1997 साली वडिलांचा कारखाना बंद पडला. मी बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला होतो. वर्षभर घरात किराणा येत राहिला, माझी फी भरली गेली, आणि आत्याच्या हातांतल्या चार तोळ्यांच्या पाटल्या दिसेनाशा झाल्या. "हात सुजतात रे हल्ली," ती म्हणाली. मला सारे कळले होते. नोकरी लागली की पहिल्या पगारापासून पैसे साठवायचे, असे मी ठरवलेही. पण आधी स्कूटर आली, मग लग्न, मग फ्लॅटचा हप्ता. सोन्याचा भाव वाढला, की काउंटरवर बसल्या बसल्या माझ्या पोटात गोळा येई.

कायदा आमच्या बाजूचा आहे. मुदतीच्या 1963 च्या कायद्याप्रमाणे साध्या कर्जाचा दावा तीन वर्षांत लावावा लागतो; मात्र ऋणकोने त्या मुदतीत लेखी कबुली दिली, तर तीन वर्षे पुन्हा नव्याने मोजायची. मी कबुली कधी दिली नाही, लेखी नाही आणि तोंडीही नाही. अठरा वर्षांनी पाकीट घेऊन गेलो तेव्हा आत्या पंच्याऐंशीची होती.

"आत्या, हे पाटल्यांचे."

"कसल्या पाटल्या?"

"तू मोडल्यास त्या. माझ्या फीसाठी."

"काहीतरीच तुझं! चहा टाकू?"

आता सांगा, ती विसरली होती, की मला सोडवत होती? बारा आणे लक्षात ठेवणारी बाई चार तोळे कशी विसरेल? आणि धनकोच जर कर्ज नाकबूल करू लागला, तर ऋणकोने फेडायचे कुठे? बी.कॉम.ला हे नव्हते. मी चहा प्यायलो आणि पाकीट खिशात घालून घरी आलो. खरे सांगायचे तर जिना उतरताना मला हलकेही वाटले. त्याचीच आजही लाज वाटते.

ती गेल्यावर दादाने तिची ट्रंक उघडली. तळाशी एक वही निघाली. 'येणे' असे लिहिलेले पान कोरे. 'देणे'च्या पानावर दूधवाला, इस्त्रीवाला, सगळ्यांवर काट मारलेली. शेवटची ओळ तेवढी तशीच होती : 'बंडू, दवाखान्याची रिक्षा, 40 रु.'

दादाने तिच्या डब्यातली पन्नासची नोट माझ्यापुढे धरली. "घे बाबा. तिला चालणार नाही नाहीतर."

मी घेतली. सुटे दहा माझ्याकडे नव्हते. म्हणजे होते, पण मी दिले नाहीत.