घरात आणखी कुणाला?

मागच्या भाद्रपदात नातीला पुण्याला दवाखान्यात ठेवावं लागलं. नऊ वर्षांची पोर. पंधरा दिवसांत नुसती रोडावली, रात्रीतून चारचारदा उठून पाणी प्यायची. मी आपला म्हणत होतो, जंत झाले असतील. सासवडला डॉक्टरांनी बोटातून रक्त काढलं आणि तसंच दिवे घाटानं पुण्याला पाठवलं. साखर निघाली. म्हाताऱ्यांना होते ती नव्हे, पहिल्या प्रकारची. इन्सुलिन जन्मभर.

तिसऱ्या दिवशी एक मॅडम कागद घेऊन आल्या. "आजोबा, तुमच्या घरात कुणाला थायरॉईड, आमवात, कोड, चाई असं काही?"

मी म्हणालो, "नाही बा. कुणालाच काही नाही."

मुलगी शेजारीच उभी होती. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि मान खाली घातली.

माझ्या थोरल्या बहिणीला, आक्काला, सतराव्या वर्षी कोड उठलं. आधी बोटांच्या टोकांना, मग ओठांवर. दोन सोयरिकी मोडल्या, पुढं स्थळं बघणंच थांबलं. आमच्या अंजिराच्या बागेचं निम्मं काम तिच्या हातचं आहे. पण मुलीच्या लग्नात तिला माजघरात बसवली ती मीच. "पाहुणे जाईस्तोवर बाहेर येऊ नको" हे माझ्याच तोंडचं वाक्य. ती काही बोलली नाही. तांदूळ निवडत बसली.

मी मॅडमना विचारलं, साखरेचा आणि कोडाचा संबंध काय? त्या स्टूल ओढून बसल्या. म्हणाल्या, शरीरात पहारेकरी असतात, रोगजंतूंना मारणारे. कधीकधी ते घरच्यांनाच चोर समजतात. स्वादुपिंडातल्या इन्सुलिन करणाऱ्या पेशी मारल्या तर अशी साखर, कातडीला रंग देणाऱ्या मारल्या तर कोड, गळ्यातल्या ग्रंथीवर उठले तर थायरॉईड, सांध्यांवर उठले तर आमवात. रोग वेगळे, पण ते होण्याचा कल वाढवणारी काही जनुकं सामायिक. त्यातली बरीच सहाव्या गुणसूत्रावर, एचएलए नावाच्या पट्ट्यात. म्हणून एकाच घराण्यात एकाला हे आणि दुसऱ्याला ते दिसतं.

"म्हणजे आमच्या रक्तातूनच गेलं?"

"दोन्हीकडून थोडंथोडं येतं, आजोबा. आणि आलं म्हणून रोग होतोच असं नाही. हुबेहूब जुळ्यांत एकाला कोड असलं तरी बहुतेक वेळा दुसऱ्याला नसतं."

हे मला पटलं, कारण अंजिराची लागण आम्ही गुटी बांधून करतो. एकाच झाडाच्या दोन गुट्या म्हणजे एकच जीव. तरी एकीवर तांबेरा पडतो आणि दुसरी हिरवीगार राहते. तांबेरा बाहेरून येतो, इथं राखण्याच उलटतो, एवढा फरक सोडून द्या.

मग मी आक्काचं सांगितलं. आवाज निघेना. मॅडमनी शांतपणे लिहून घेतलं. म्हणाल्या, थायरॉईडची तपासणी तर आम्ही अशा सगळ्याच मुलांची करतो, पण माहिती असलेली बरी. म्हणजे माझ्या खोटं बोलण्यानं पोरीचं काही बिघडणार नव्हतं. पण तेवढ्यानं माझं समाधान होईना.

जावई दारात उभे होते, त्यांनी सगळं ऐकलं. मला वाटलं, आता बारा वर्षांचा हिशोब निघणार. चहाच्या टपरीवर ते म्हणाले, "मामा, आमच्या आईला वीस वर्षं थायरॉईडची गोळी चालू आहे. आम्हीही बोललो नव्हतो." थायरॉईड असा मंदावण्यामागंही बहुतेकदा हेच पहारेकरी असतात, असं मॅडम म्हणाल्याच होत्या.

इतकी वर्षं मी स्वतःला सांगत होतो, त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही, यात खोटं कुठं आलं? पण विचारलं असतं तर मी काय बोललो असतो, ते दवाखान्यात कळलंच. आणि खरं सांगून काय झालं असतं? कोड कातडीवर दिसतं म्हणून त्याची सोयरीक मोडते. गोळी कपाटात राहते, तिला कोण मोडतंय? जगानं धोका मोजलाच नाही, डाग मोजले. उद्या एखादा शहाणा लग्नाआधी थायरॉईडचे कागदही मागेल. तेही मला नको आहे. मग सांगावं की नाही? मला वाटतं, सांगावं. पण हे मी माझ्या पोरीचं लग्न झाल्यावर म्हणतोय, हेही वाचकांनी ध्यानात घ्यावं.

याच पुण्यात डॉ. माया तुळपुळे यांनी, त्यांना स्वतःला कोड असताना, अशा माणसांसाठी श्वेता असोसिएशन काढली. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'नितळ' हा सिनेमा २००६ सालचा, तोही कोड असलेल्या मुलीवरचा. आमच्या गावापासून पुणं तासा-दीड तासावर. मी शेकडो वेळा अंजीर घेऊन मार्केट यार्डात गेलो, यातलं काही कानावर आलं नाही. खरं तर मी कान दिला नाही.

घरी आल्यावर आक्काला सगळं सांगितलं, मी आधी नाही म्हणालो होतो तेही. ती म्हणाली, "पोरीचा आणि माझा रोग सोयरा निघाला म्हण की." पुढच्या तपासणीला ती आमच्याबरोबर एसटीनं आली, अर्ध्या बाहीचं पोलकं घालून. बाकावर बसून नातीनं तिला पोटाला सुई कशी टोचायची ते दाखवलं. आक्का म्हणाली, "दे इकडं, मला शिकव. तुझी आई रानात गेली तर कोण देणार?"