बाप्तिस्म्यावाचून तारण नाही का?

(ख्रिस्ताच्या बाप्तिस्म्याचा सण)



आज ख्रिस्तसभा प्रभू येशूच्या बाप्तिस्म्याचा सण साजरा करीत आहे. आजच्या सणाने नाताळचा काळ संपतो. गव्हाणीतले बाळ आता मोठे झाले आहे आणि यार्देन नदीच्या काठी पापी माणसांच्या रांगेत उभे आहे. ज्याला पापक्षालनाची काहीच गरज नव्हती, तो प्रभू आपल्यासाठी पाण्यात उतरला. म्हणून आजच्या दिवशी आपण सर्वांनी आपापल्या बाप्तिस्म्याची आठवण करायची असते. ह्या वर्षी मात्र ही आठवण करताना एक प्रश्न आमच्या मनातून जात नाही.

गेल्या पावसाळ्यात आपल्या एका पाड्यावर नऊ दिवसांचे बाळ वारले. ओढ्याला पूर होता, रस्ता बंद होता. बाप्तिस्मा राहून गेला. आम्ही पोहोचलो तेव्हा माती देऊन झाली होती. आजी पडवीत बसली होती. तिने आम्हाला एवढेच विचारले, "फादर, पाणी पडायचं राहिलं. आता माझं लेकरू देवाच्या घरात हाय, का दाराबाहेर?"

त्या दिवशी आम्ही तिच्याजवळ बसलो, प्रार्थना केली, दोन शब्द बोललो. पण तिचा प्रश्न एकटीचा नाही. आपल्यापैकी कितीतरी घरांत प्रभूवरचा विश्वास एक-दोन पिढ्यांपूर्वीच आला. त्याआधीचे आजे-पणजे डोंगरदेवाला आणि कणसरीला हात जोडून गेले. त्यांचे काय? आजही दर रविवारी मागच्या चटईवर बसून मिस्सा ऐकणारी, पण अजून बाप्तिस्मा न घेतलेली माणसे आपल्यात आहेत. त्यांचे काय? म्हणून आज ख्रिस्तसभा काय शिकवते ते आपण नीट समजून घेऊ या.

पहिली गोष्ट अशी की बाप्तिस्मा आवश्यक आहे, ही ख्रिस्तसभेची शिकवण आहे आणि ती प्रभूच्याच शब्दांवर उभी आहे. रात्रीच्या वेळी भेटायला आलेल्या निकदेमाला प्रभूने सांगितले की, पाण्याने व आत्म्याने नवा जन्म घेतल्याशिवाय देवाच्या राज्यात प्रवेश नाही (योहान ३:५). स्वर्गात जाण्यापूर्वी त्याने शिष्यांना सर्व राष्ट्रांकडे पाठवले ते बाप्तिस्मा द्या असे सांगूनच (मत्तय २८:१९). ह्या आज्ञेतून आपली सुटका नाही. मात्र संत मार्कच्या शुभवर्तमानातील वचन सावकाश वाचावे (मार्क १६:१६). जो विश्वास ठेवतो आणि बाप्तिस्मा घेतो त्याचे तारण होईल, असे पहिल्या भागात आहे. दुसऱ्या भागात दंड सांगितला आहे तो विश्वास नाकारणाऱ्याला. तिथे बाप्तिस्म्याचा शब्द पुन्हा आलेला नाही. जो जाणूनबुजून पाठ फिरवतो त्याच्यासाठी तो इशारा आहे. नऊ दिवसांच्या लेकराने कोणाकडे पाठ फिरवली?

दुसरी गोष्ट. पाणी मिळण्याआधीच मरण आले, अशी माणसे ख्रिस्तसभेने पहिल्यापासून पाहिली आहेत. क्रुसावरच्या चोराला बाप्तिस्मा कोणी दिला? तरी प्रभूने त्याच दिवशी त्याला सुखलोकात नेण्याचे वचन दिले (लूक २३:४३). हेरोदाने मारलेल्या बेथलेहेमच्या बालकांना बाप्तिस्मा नव्हता, तरी २८ डिसेंबरला आपण त्यांचा सण पाळतो. ख्रिस्तासाठी प्राण देणाऱ्याच्या मरणाला ख्रिस्तसभा रक्ताचा बाप्तिस्मा म्हणते. ज्याच्या मनात बाप्तिस्म्याची ओढ आहे पण त्याआधीच ज्याला मरण येते, त्याच्या त्या ओढीला इच्छेचा बाप्तिस्मा म्हणते.

इ. स. ३९२ मध्ये रोमी सम्राट दुसरा व्हॅलेंटिनियन ऐन तारुण्यात मरण पावला. त्याला बाप्तिस्मा घ्यायचा होता, पण तो राहून गेला. त्याच्या बहिणी ह्याच दुःखाने रडत होत्या. मिलानचे बिशप संत अँब्रोज ह्यांनी अंत्यविधीच्या प्रवचनात त्यांचे सांत्वन केले. ज्या कृपेसाठी तो आसुसला होता ती देवाने त्याला नाकारली नसेल, असा त्यांचा आधार होता. आमच्या आजीचा प्रश्न आणि त्या राजकन्यांचा प्रश्न एकच होता. मध्ये सोळाशे वर्षे गेली एवढेच.

तरीही ख्रिस्तसभेच्या सर्वच मोठ्या माणसांना ही गोष्ट तेव्हाच उमगली होती असे नाही, हेही आपण प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. ज्यांच्या दर्शनाला आपण गोव्याला जातो ते संत फ्रान्सिस झेविअर १५४९ साली जपानला पोहोचले. तिथे नव्याने श्रद्धा स्वीकारलेल्या लोकांनी त्यांना विचारले, "आमच्या वाडवडिलांचे काय?" त्या काळच्या समजुतीप्रमाणे, नरकात गेलेल्यांसाठी आता उपाय नाही, असे उत्तर संतांनी दिले. ते ऐकून लोक रडले आणि ते रडणे पाहून आपल्यालाही दुःख झाले, असे त्यांनी १५५२ च्या पत्रात लिहून ठेवले आहे. संतांच्या प्रेमात काही उणे नव्हते. त्यांच्या काळचे ज्ञान अपुरे होते.

पवित्र आत्म्याने ख्रिस्तसभेला पुढे नेले. 'ख्रिस्तसभेबाहेर तारण नाही' ह्या जुन्या वचनाचा अर्थ इतर सर्व नरकात, असा काढणाऱ्या अमेरिकेतील एका धर्मगुरूची चूक रोमने १९४९ साली पत्र लिहून दाखवून दिली. १९६४ साली दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने स्पष्ट सांगितले की, स्वतःचा काही दोष नसताना ज्यांना ख्रिस्ताची व त्याच्या शुभवर्तमानाची ओळख झाली नाही, पण जे मनापासून देवाचा शोध घेतात आणि सदसद्‌विवेकबुद्धीला पटेल तसे वागतात, त्यांनाही तारण मिळू शकते. ते तारणही ख्रिस्ताचेच. दुसरा तारणारा नाही. १९९२ च्या 'कॅथोलिक ख्रिस्तसभेची धर्मशिकवण' ह्या ग्रंथात (क्र. १२५७ ते १२६१) हीच गोष्ट आली आहे. देवाने तारण बाप्तिस्म्याशी जोडले आहे खरे, पण तो स्वतः आपल्या संस्कारांना बांधलेला नाही.

आणि लेकरांचे? बाप्तिस्म्याविना गेलेली बालके 'लिंबो' नावाच्या जागी राहतात, तिथे यातना नाहीत पण देवाचे दर्शनही नाही, असे आपल्या आधीच्या पिढ्यांनी ऐकले होते. हे काही धर्मतत्त्व नव्हते. ते ईशज्ञानी पंडितांचे मत होते. आंतरराष्ट्रीय ईशज्ञान आयोगाने ह्या प्रश्नाचा अभ्यास केला आणि पोप सोळावे बेनेडिक्ट ह्यांच्या संमतीने २००७ साली त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला. ही बालके तारली जातात अशी आशा धरायला भक्कम आधार आहे, असे त्यात म्हटले आहे. अशा बालकांना आपण देवाच्या दयेच्या हाती सोपवतो. लेकरांना माझ्याकडे येऊ द्या असे म्हणणारा प्रभू नऊ दिवसांच्या जिवाला उंबऱ्यावर अडवील काय? आईवडिलांचा बाप्तिस्मा देण्याचा विचार असेल, तर अशा बाळाचा अंत्यविधी बिशपांच्या परवानगीने चर्चमध्ये करता येतो, अशी तरतूद ख्रिस्तसभेच्या कायद्यात आहे. हे आपल्यातल्या पुष्कळांना ठाऊक नाही, म्हणून मुद्दाम सांगत आहोत.

आता कोणी तरुण विचारील, "फादर, बाप्तिस्म्याशिवाय तारण होऊ शकते, तर मग बाप्तिस्मा घ्यायचा कशाला?"

आपण पेठची माणसे. पाणी म्हणजे काय हे आपल्याला शिकवावे लागत नाही. पावसाळ्यात सावळघाटावर पाऊस असा कोसळतो की समोरचे दिसत नाही. तो कोणाच्या शेतावर पडायचे आणि कोणाच्या नाही, हे विचारत नाही. पण चैत्र-वैशाखात त्याच मुलखात आपल्या आयाबहिणी झिऱ्याशी बसून वाटीवाटीने हंडा भरतात. पाऊस सगळीकडे पडतो म्हणून कोणी गावची विहीर बुजवतो का? देवाची कृपा पावसासारखी सर्वांवर आहे. बाप्तिस्मा ही प्रभूने स्वतः खोदून दिलेली विहीर आहे. ती कुठे आहे हे ज्याला कळले, त्याने तिच्याकडे पाठ फिरवून पावसाची वाट पाहत बसणे हा शहाणपणा नव्हे.

प्रेषितांची कृत्ये ह्या पुस्तकात कर्नेल्य नावाच्या शताधिपतीची गोष्ट आहे (अध्याय १०). पेत्र बोलत असतानाच पवित्र आत्मा त्याच्या घरातील सर्वांवर उतरला. पाण्याच्या आधीच! मग पेत्राने काय केले? ह्यांना आत्मा मिळाला, आता पाणी नको, असे तो म्हणाला नाही. त्याने लगेच बाप्तिस्मा देण्याची आज्ञा केली. बाप्तिस्मा म्हणजे स्वर्गाचे नुसते तिकीट नव्हे. त्याने मूळपाप व इतर पापे धुतली जातात, आपण देवाची लेकरे होतो आणि ख्रिस्ताच्या शरीराचे अवयव होतो. आपल्याला घर मिळते, भावंडे मिळतात, प्रभूभोजनाचे ताट मिळते.

आपल्याच जिल्ह्याशी नाते असलेले एक उदाहरण पाहा. कवी नारायण वामन टिळक नाशिकात शिकले. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई १८६८ साली नाशिकजवळच्या जलालपूरला जन्मल्या. हे कुटुंब प्रॉटेस्टंट पंथाचे होते, तरी टिळकांची भजने आपणही गातो. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपियन माणसाने टिळकांना नवा करार दिला. ते वाचू लागले, त्यांचा विश्वास बसत गेला, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंना तो फार मोठा धक्का होता. काही वर्षे दोघे वेगळे राहिले. पुढे लक्ष्मीबाईंच्या मनातला जातीचा विटाळ आधी गेला, कोणाच्याही हातचे पाणी त्यांना चालू लागले, आणि मग त्यांनी स्वतःच्या विश्वासाने बाप्तिस्मा घेतला. नवऱ्याने ओढून नेले म्हणून नव्हे. पुढे १९१७ साली टिळकांनी 'देवाचा दरबार' सुरू केला. त्यात बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना जागा होती. त्यांचा प्रत्येक विचार आपल्या कॅथोलिक शिकवणीशी जुळतो असे नाही. पण ख्रिस्ताकडे निघालेल्या वाटसरूला दाराशी ताटकळत ठेवू नये, हे त्यांनी ओळखले होते.

बंधू-भगिनींनो, ह्यातून आपण तीन गोष्टी मनाशी धरू या.

पहिली, आपल्या मुलांचा बाप्तिस्मा लांबवू नका. जन्मानंतर पहिल्या काही आठवड्यांतच तो व्हावा, असे ख्रिस्तसभा सांगते. आपल्याकडे बाप द्राक्षांच्या कामाला दिंडोरी-निफाडकडे गेलेला असतो, मामा सुरतेला असतो, जेवणाला पैसे नसतात, म्हणून वर्ष निघून जाते. जेवण नंतर घाला. चहा पाजला तरी पुरे. बाप्तिस्म्याला पैसा लागत नाही.

दुसरी, बाळ अत्यवस्थ असेल आणि धर्मगुरू पोहोचू शकत नसतील, तर कोणीही बाप्तिस्मा देऊ शकतो. आजी, सुईण, आशाताई, शेजारीण, अगदी बाप्तिस्मा न झालेली व्यक्तीसुद्धा, मात्र ख्रिस्तसभेला जे करायचे असते तेच करण्याचा हेतू मनात हवा. साधे पाणी बाळाच्या डोक्यावर तीन वेळा ओतावे आणि पिता व पुत्र व पवित्र आत्मा ह्यांच्या नावाने मी तुला बाप्तिस्मा देतो (किंवा देते) असे म्हणावे. 'आम्ही' नव्हे, 'मी' म्हणावे. मग आम्हाला कळवावे, म्हणजे नोंद करता येईल. ही गोष्ट आम्ही तुम्हाला आधीच शिकवायला हवी होती. तो ओढा उतरण्याची वाट पाहावी लागली नसती. ही आमची चूक आहे आणि आज आम्ही ती कबूल करतो.

तिसरी, बाप्तिस्मा न झालेल्या कोणाचाही न्याय करू नका आणि कोणावर बळजबरी करू नका. श्रद्धा ही मोकळ्या मनाने द्यायची गोष्ट आहे, हे विश्वपरिषदेने १९६५ साली ठामपणे सांगितले आहे. मागच्या चटईवर बसणाऱ्या भावंडांनो, तुम्ही पुढे येऊन बसा. ज्या दिवशी तुमचे मन तयार होईल त्या दिवशी सांगा, आपण मिळून तयारी करू.

आज घरी गेल्यावर आपल्या बाप्तिस्म्याची तारीख शोधून काढा. ठाऊक नसेल तर मिस्सानंतर नोंदवही पाहायला या. आणि आजच्या मिस्सामध्ये त्या बाळासाठी नव्हे, तर त्याच्या आईसाठी व आजीसाठी प्रार्थना करू या. बाळाला प्रार्थनेची गरज आहे असे आम्हाला वाटत नाही. तेच आपल्यासाठी प्रार्थना करीत असेल, अशी आमची आशा आहे.

हे प्रभू येशू, यार्देनच्या पाण्यात तू आमच्यासाठी उतरलास. ज्यांना पाणी मिळाले त्यांना त्या कृपेत टिकव. ज्यांना मिळाले नाही त्यांच्यापर्यंत तू स्वतः चालत जा. आमेन.