पाण्याचा ताळेबंद आणि नियोजनाचा अधिकार

संगणकाची गणनशक्ती आता इतकी वाढली आहे की बाजाराविनाही अर्थव्यवस्थेचे नियोजन साधेल, असे अलीकडे वारंवार मांडले जाते. उत्पादनाची अखंड वाढ हे ध्येय न मानणाऱ्या, म्हणजेच वाढोत्तर, अर्थव्यवस्थेचे पुरस्कर्तेही या आशेकडे वळले आहेत. परंतु या मांडणीत मोजणी करणे आणि मर्यादा ठरवणे या दोन कृतींची गल्लत होते.

हा फरक अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारमध्ये दिसतो; तेथील जलसंधारणाची कहाणी सर्वांना ठाऊक आहे. तिच्यातील खरा मोलाचा भाग म्हणजे पाण्याचा ताळेबंद. पावसाच्या नोंदी आणि विहिरींची पातळी यांवरून उपलब्ध पाण्याचा अंदाज बांधला जातो, माणसांचे व जनावरांचे पाणी आधी राखले जाते आणि उरलेल्या पाण्यात कोणती पिके बसतील हे ग्रामसभेत ठरते. शेतीसाठी कूपनलिका नको, ऊस आणि केळी नकोत, ही बंधने गावाने स्वतःवर घातली. त्यांसाठी लागणारी मोजणी अवघड नव्हती, अवघड होता तो एकमेकांसमोर दिलेला होकार.

आर्थिक निर्णयांना लागणारे ज्ञान असंख्य माणसांत विखुरलेले असते आणि ते कोणत्याही मध्यवर्ती मंडळापेक्षा किमतीच अधिक चांगले गोळा करतात, असा मध्यवर्ती नियोजनावरील आक्षेप अर्थतज्ज्ञ फ्रेडरिक हायेक यांनी १९४५ मध्ये मांडला. यातील पूर्वार्ध मान्य करावाच लागतो. पण उसाचा दर शेतकऱ्याला शेजाऱ्याची विहीर किती खाली गेली हे सांगत नाही, आणि भूजल तर दोघांचेही एकच असते.

संगणकाच्या मदतीने नियोजन करण्याचा प्रयत्न पूर्वीही झाला आहे. चिलीत राष्ट्राध्यक्ष साल्वादोर आयेंदे यांच्या काळात सायबरनेटिक्सतज्ज्ञ स्टॅफर्ड बीअर यांनी उभारलेल्या ‘सायबरसिन’ प्रकल्पात कारखाने टेलेक्सने जोडले होते. १९७२ च्या मालवाहतूकदारांच्या संपात सरकारला त्या जाळ्याचा उपयोग झाला, पण १९७३ च्या लष्करी उठावानंतर प्रकल्प मोडीत निघाला.

गावाला अवघड मोजणी लागली नाही आणि सायबरसिनही टिकला नाही, यावरून डिजिटल साधने अनावश्यक आहेत असे म्हणावेसे वाटते, मात्र गावाची शीव ओलांडताच ते म्हणणे अपुरे पडते. भंडारदरा, निळवंडे, मुळा आणि खालचे जायकवाडी ही धरणे एकाच गोदावरी खोऱ्यातील आहेत. या धरणांतील पाणीवाटपासाठी नेमलेल्या मेंढेगिरी समितीच्या सूत्राप्रमाणे १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांहून कमी असेल, तर वरच्या धरणांतून पाणी सोडावे लागते. येथे आकडे आहेत, सूत्र आहे, तरीही वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला; कारण वरच्या राहुरीचा आणि खालच्या पैठणचा शेतकरी एका सभेत कधी बसतच नाहीत. ग्रामसभा जे समोरासमोर साधते ते एवढ्या अंतरावर साधायचे, तर गावोगावचे ताळेबंद एकमेकांस जोडणारे, सर्वांना खुले असणारे आणि खालच्या गावाला वरच्या पीकनिवडीवर वेळेत हरकत घेऊ देणारे जाळे लागेल. शिवाय आडसाली उसाची लागण जुलै-ऑगस्टमध्येच उरकलेली असते, म्हणून ऊसक्षेत्राची मर्यादा त्याआधीच्या उन्हाळ्यात खोऱ्याने एकत्र ठरवावी लागेल; ऑक्टोबरातील मोजणी त्या वेळी उभ्या उसापर्यंत पोहोचत नाही.