वाट्या मांडल्यात, कान कुठे आहेत?

मुलांना अंगणात खेळू द्या. मला बोलायचंय ते तुमच्याशी.

घरातल्याच वस्तूंतून मुलांना सूर आणि लय दाखवा, असं मीच तुम्हाला सांगितलं होतं. त्याचं तुम्ही काय केलंत, ते ग्रुपवर बघितलं. ओट्यावर स्टीलच्या सात वाट्या, त्यांच्यापुढे सा रे ग मच्या चिठ्ठ्या, हातात स्टीलचा चमचा आणि चार वर्षांचं पोर मोबाइलकडे बघत ठणाठणा बडवतंय. खाली बाकीच्यांचे अंगठे. 'रे' आणि 'ग' तंतोतंत एकच वाजत होते आणि 'प'ची वाटी कशालाच जुळत नव्हती. एवढ्या जणांत एकाच्याही ते कानावर आलं नाही? का कान खुंटीला टांगून व्हिडिओ बघता?

जलतरंगाला चिनी मातीची भांडी आणि काड्या का घेतात, याचा जरा विचार करा. स्टीलवर स्टील आपटलं की मूळ सुराभोवती इतका खणखणाट उठतो की नेमका सूर कुठला हे मोठ्यांनाही सांगता येत नाही, मग पोराला काय कळणार? चिनी मातीचे दोन वाडगे घ्या आणि लाकडी पळीचा दांडा. दोनच. सात नकोत. सारखंच पाणी भरा, हलकेच वाजवा. मग एकात थोडं थोडं पाणी घालत वाजवत जा. सूर उतरत जातो, कारण पाण्याच्या भाराने भांड्याची थरथर मंदावते. आता अरुंद तोंडाची काचेची बाटली घ्या, तोंडावरून फुंका, पाणी घाला, पुन्हा फुंका. इथे सूर चढतो! कारण इथे थरथरते ती आतली हवा, आणि तिची जागा कमी झाली. तुमच्यापैकी काहींच्या घरी अष्टमीला महालक्ष्मीपुढे घागर फुंकतात. ती रिकामी घागर किती खोल घुमते, हे कधी मुलाला जवळ उभं करून ऐकवलंत?

पण तुम्हाला दम कुठे असतो! पोर कान देऊन ऐकतंय तोवर तुम्ही म्हणता, "बघ हं, पाणी वाढलं की सूर उतरतो." झालं. जे त्याने शोधायचं, ते तुम्ही सांगून मोकळे. अहो, गप्प बसा की जरा.

वरचा सूर मागितला की लहान मूल ओरडतं. त्याला चढा आवाज आणि मोठा आवाज यांतला फरक अजून उमगलेला नसतो, तो हळूहळू उमगतो. जिन्याच्या पायऱ्या चढता-उतरता गाऊन दाखवा. वसकन अंगावर जाऊ नका. आणि बाबांनो, तुम्ही तुमच्या काळी एकमध्ये, भरदार आवाजात सा लावून "म्हण माझ्यामागून" म्हणता. पोर त्या खर्जापर्यंत पोचायची धडपड करतं, पुटपुटतं, आणि लगेच तुमचं निदान तयार: "आमच्याकडे सुराचं अंगच नाही." आधी ते खेळताना कुठल्या पट्टीत गुणगुणतंय ते ऐका आणि तुम्ही तिथे जा. एका आईने तर मिक्सर लावून त्याच्या घरघरीत सा मिळवायला सांगितला. मिक्सर म्हणजे तंबोरा नव्हे हो. भांड्यात खोबरं पडलं की त्याचा सूर बसतो.

लयीचं तर विचारूच नका. पाच वर्षांच्या मुलाला त्रितालाच्या सोळा मात्रा पाठ, पण दोन मात्रांमधलं अंतर एकदाही सारखं पडत नाही. मग उपयोग काय त्या पाठांतराचा? त्याला दादरा द्या. सहा मात्रा, पहिलीवर टाळी, चौथीवर खाली. पहिलीला पिठाच्या डब्यावर थाप, चौथीला हात नुसता हवेत. खालीला काही वाजत नाही, म्हणून तुमची मुलं ती गिळून टाकतात आणि पाच मात्रांतच समेवर येऊन उभी राहतात. तुम्ही टाळ्या वाजवता! त्या न वाजणाऱ्या मात्रेची वाट बघायला शिकवणं, हेच तर खरं काम. खलबत्त्यात वेलची कुटताना त्याला प्रत्येक ठोक्याला टाळी द्यायला लावा, मग मध्येच हात थांबवा आणि पुढची टाळी त्याची त्याला वेळेवर पडते का ते बघा. आणि तुमची संथ लय त्याच्यावर लादू नका. लहान मुलांची उपजत चाल आपल्यापेक्षा जलद असते. आधी तिच्याशी जुळवून घ्या, मग सावकाश खाली आणा.

प्रारंभिक परीक्षेला कधी बसवायचं, हा प्रश्न यापुढे मला कोणी विचारायचा नाही. पाहुण्यांसमोर "काकांना वाजवून दाखव" हेही बंद. पोराला हुक्की आली तर वाजवेल, नाही आली तर नाही.

पुढच्या शनिवारी व्हिडिओ नको, चिठ्ठ्या नकोत. तुम्ही यायचं, डोळे मिटून बसायचं, आणि मी वाजवलेल्या दोन वाडग्यांतला चढा कुठला ते सांगायचं. जो चुकेल तो मुलांच्या रांगेत बसेल, अगदी पुढे. आणि वेळेवर या.