जीर्णोद्धार

मोताळ्याजवळच्या काळ्या, कपाशीच्या रानात, बाभळीखाली वर्षानुवर्षे बेवारस पडलेल्या एका बी-२७५ ट्रॅक्टरचे (मुंबईत १९६३ साली स्थापन झालेल्या इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनीचे ते अपत्य) पुनरुज्जीवन चालू असता, एक पुरातन प्रश्न माझ्यासमोर नव्याने उभा राहिला. गंजून जखडलेल्या पिस्टनांवर डिझेल व तेल ओतून कित्येक दिवस धीर धरावा, मग फ्लायव्हीलला पहारीने अलगद हिसका द्यावा, आणि तरीही ते न हलल्यास लायनरसह बदलावेत, असा मिस्त्रीचा क्रम. पण लायनर नवे, नोजल नवे, टायर नवे, तर वाचविले ते काय? सरकारी दफ्तराला ही पंचाईत नाही. चॅसिसचा क्रमांक नोंदीशी जुळला की यंत्र तेच.

‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात भिक्षू नागसेन यवन राजा मिलिंदाला, आस म्हणजे रथ काय, चाके म्हणजे रथ काय, असे पुसत, ‘रथ’ ही केवळ व्यवहारातील संज्ञा ठरवितो. हा निवाडा मला अभेद्य वाटतो, तथापि अपुराही. मंदिराच्या जीर्णोद्धारापूर्वी देवतेचे तत्त्व जलकुंभात आवाहन करून ठेवतात आणि काम संपल्यावर मूर्तीत परत नेतात. म्हणजे पाषाण उकलला असता सातत्य कोणीतरी सांभाळावे लागते.

येथे तो कुंभ कोणता? काळा धूर सोडून इंजिन धडधडले, तेव्हा वृद्ध मालकाने न पाहताच गिअरच्या दांड्याकडे हात नेला, आणि तो नेमका जागी पडला.